नळाखालचे वर्तुळ आणि बंधाऱ्याखालचा फेस: जलउसळीच्या अभ्यासाचा मागोवा

वेगाने धावणारा पाण्याचा पातळ थर एका ठिकाणी अचानक मंदावतो, जाड होतो आणि त्याची पातळी पायरीसारखी वर चढते. ही हायड्रॉलिक जंप, म्हणजेच जलउसळी. पावसाळ्यात उल्हास नदी बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावरून घसरते तेव्हा पायथ्याशी फेसाचा आडवा पट्टा उठतो. तेच पाणी शुद्ध होऊन अंबरनाथच्या एखाद्या घरात नळातून सिंकमध्ये पडते, तेव्हा धारेभोवती चकचकीत वर्तुळ उमटते आणि त्याच्या कडेला पाण्याचा कठडा उभा राहतो. घटना एकाच जातीची असली तरी दोन्हींचा अभ्यास बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी झाला.

नदीची वाट आधीची. ट्यूरिनमध्ये जॉर्जिओ बिदोने यांनी १८२० च्या सुमारास कालव्यातील उसळीवर प्रयोग केले. फ्रान्सच्या बेलांजे यांनी १८२८ मध्ये ऊर्जा कायम राहते असे धरून गणित मांडले. ते जुळले नाही, कारण उसळीच्या घुसळणीत ऊर्जा खर्ची पडते. १८३८ मध्ये त्यांनी संवेगाच्या आधारे नवे सूत्र दिले. ते आजही वापरात आहे. १ मीटर खोल आणि सेकंदाला सुमारे १५.७ मीटर वेगाचा प्रवाह घेतला, तर या सूत्राप्रमाणे उसळीनंतर त्याची खोली ६.६ मीटर होते आणि जवळपास निम्मी ऊर्जा खर्च होते. धरण बांधणाऱ्याला नेमके हेच हवे असते. ती ऊर्जा तशीच पुढे गेली तर नदीचा तळ खरवडला जातो आणि पाया उघडा पडतो. सांडव्याखाली कुंड बांधून उसळी ठरलेल्या जागी रोखतात ती यासाठीच. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे खडकवासल्याला स्थिरावलेल्या जलसंशोधन केंद्रात सांडव्यांच्या अशा रचना लहान प्रतिकृतींवर पारखल्या जातात.

उल्हासच्या खोऱ्यात पाण्याच्या धारेचा मोठा उपयोग १९२२ मध्ये सुरू झाला. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रात घाटमाथ्यावरचे पाणी धारेच्या रूपात पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते आणि नंतर नदीत सोडले जाते. उन्हाळ्यात बदलापूरपर्यंत नदी वाहती राहते, त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

बंधाऱ्याखालची उसळी नदीच्या पातळीवर अवलंबून असते. खालचे पाणी चढले की उसळी मागे सरकते, बंधाऱ्याला चिकटते आणि शेवटी बुडते. तेव्हा पृष्ठभाग बराच शांत दिसतो, पण वरचे पाणी उलटे बंधाऱ्याकडे ओढत असते. त्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही सहजी सुटत नाही. कमी उंचीचे बंधारे या कारणाने फसवे असतात, आणि हे काठावरच्या प्रत्येक गावात माहीत असायला हवे.

सिंकमधल्या वर्तुळाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१४ मध्ये मांडले, पण त्यात घर्षण नव्हते. १९६४ मध्ये वॉटसन यांनी चिकटपणा हिशेबात घेतला: थर जसजसा पसरतो तसतसे तळाशी होणारे घर्षण त्याचा वेग खाते. पुढे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २००७ मध्ये दोन प्रश्न हाती घेतले. धार तिरकी पडली तर वर्तुळ लंबगोल होते, आणि फारच तिरकी झाली तर त्याला टोकदार कोपरे येतात. दोन धारा शेजारी सोडल्या तर त्यांच्यातले अंतर निर्णायक ठरते. अंतर पुरेसे असेल तर दोन कठडे वेगळे राहतात. धारा जवळ आणल्या की पातळ थर उसळीआधीच समोरासमोर भिडतात आणि मधल्या रेषेवर पाण्याचा उभा पडदा उठतो. धारा सारख्या असतील तर ही रेषा सरळ असते. एक जोरकस असेल तर ती दुबळ्या धारेकडे सरकून वाकते. तापलेले पोलाद अनेक धारांनी थंड करताना किंवा रासायनिक कारखान्यातील टाकी धुताना हे महत्त्वाचे असते, कारण उसळीच्या आत पाणी वेगवान असते आणि बाहेर सुस्त.

२०१८ मध्ये केंब्रिजच्या राजेश भगत आणि सहकाऱ्यांनी धार जमिनीवर, भिंतीवर आणि खालून छतावर सोडून पाहिली. उसळी तिन्हीकडे जवळपास तेवढ्याच अंतरावर झाली. पातळ थरात गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताण निर्णायक असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या टोमास बोर आणि सहकाऱ्यांनी या निष्कर्षामागच्या गणितावर आक्षेप घेतला. हा वाद मिलिमीटरभर जाडीच्या थरापुरता आहे. बंधाऱ्याखाली खोली मीटरमध्ये मोजली जाते, तिथे पृष्ठताण नगण्य ठरतो आणि बेलांजे यांचे सूत्र लागू पडते.