डोरिस मिलर : आधी शौर्य छापले गेले, नाव नंतर

२४ नोव्हेंबर हा डोरिस मिलर यांचा स्मृतिदिन. १९४३ साली याच दिवशी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, या कृष्णवर्णीय अमेरिकन नौसैनिकाला पॅसिफिक महासागरात मृत्यू आला. आपल्या चळवळीतल्या तरुणांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. पण भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांतून ज्या समाजाला आपला इतिहास सापडला, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

मिलर यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९१९ रोजी टेक्सास राज्यातील वेको शहराजवळ झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. घरच्या गरिबीमुळे शिक्षण अर्धवट राहिले. १९३९ साली ते नौदलात भरती झाले. त्या काळी अमेरिकेच्या नौदलात भरती होणाऱ्या कृष्णवर्णीयांना एकच विभाग खुला होता : भोजनगृह. गोऱ्या अधिकाऱ्यांना जेवण वाढणे, त्यांची अंथरुणे घालणे, बुटांना पॉलिश करणे, कपडे गोळा करणे ही त्यांची कामे. तोफा चालवण्याचे प्रशिक्षण त्यांना दिले जात नसे. वर्दी एकच, पण कामाची वाटणी कातडीच्या रंगावरून. आपण जातिव्यवस्थेला श्रमिकांची विभागणी म्हणतो, ती याहून वेगळी नाही.

७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. मिलर तेव्हा ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर धुण्याचे कपडे गोळा करत होते. टॉर्पेडो आणि बॉम्ब आदळून जहाज बुडू लागले. मिलर धिप्पाड होते, जहाजावरचे मुष्टियुद्धातले विजेते होते. प्राणांतिक जखमी झालेल्या कप्तानाला सुरक्षित जागी हलवण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. त्यानंतर त्यांना विमानविरोधी मशीनगनमध्ये गोळ्या भरायला मदत करण्यास सांगितले गेले. त्यांनी थेट बंदुकीचाच ताबा घेतला आणि गोळ्या संपेपर्यंत मारा केला. जे शस्त्र हाताळायला त्यांना कधी शिकवलेच नव्हते, ते त्यांनी चालवले. नंतर तेलाने आणि पाण्याने भरलेल्या डेकवरून जखमी सहकाऱ्यांना बाहेर काढण्यातही ते होते.

यानंतर जे घडले ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. बातम्यांत शौर्याचा उल्लेख आला, पण नाव आले नाही. ‘एक अनामिक निग्रो’ एवढीच ओळख छापली गेली. नाव शोधून काढून लोकांसमोर आणले ते ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने, मार्च १९४२ मध्ये. याच वृत्तपत्राने त्या काळात ‘दुहेरी विजय’ ही मोहीम चालवली होती. परदेशात फॅसिझमवर विजय आणि घरात वंशभेदावर विजय, अशी ती मागणी होती. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ का काढले, याचे उत्तर या एका घटनेतही मिळते. स्वतःचे वृत्तपत्र नसेल तर आपला माणूस पराक्रम करूनही ‘अनामिक’ राहतो.

जनमताच्या दबावानंतर २७ मे १९४२ रोजी अॅडमिरल निमित्झ यांनी मिलर यांच्या छातीवर ‘नेव्ही क्रॉस’ लावला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. नौदलाच्या भरतीच्या पोस्टरवर त्यांचे चित्र झळकले. पण सर्वोच्च असे ‘मेडल ऑफ ऑनर’ त्यांना मिळाले नाही. आणि पदक देऊनही नौदलाने त्यांना तोफेवर नेमले नाही. बढती मिळाली ती स्वयंपाक्याची. पुढे ‘लिस्कम बे’ या विमानवाहू जहाजावर ते स्वयंपाकी म्हणूनच होते. गिल्बर्ट बेटांजवळ एका जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागून ते जहाज काही मिनिटांत बुडाले. सहाशेहून अधिक माणसे गेली. मिलर यांचा मृतदेह मिळाला नाही. ते बेपत्ता असल्याची बातमी आईवडिलांना मिळाली तो दिवस होता ७ डिसेंबर १९४३, पर्ल हार्बरच्या हल्ल्याला बरोबर दोन वर्षे झाली तो दिवस.

आपल्या इतिहासाशी याचे नाते स्पष्ट आहे. कोरेगावच्या लढाईत रक्त सांडलेल्या महारांची सैन्यभरती १८९२ च्या सुमारास ब्रिटिशांनी ‘लढवय्या जमाती’च्या सिद्धांताखाली बंद केली. सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीने ती बंदी उठवण्यासाठी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पर्ल हार्बर घडले ते त्यानंतर दोनच महिन्यांनी. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले. हे साम्य किती खरे होते, हे मिलर यांच्या आयुष्यावरून कळते.

काही तरुण विचारतात, आपण बुद्धाचे अनुयायी, मग सैनिकांचे स्मरण कशाला? प्रश्न योग्य आहे. हे स्मरण युद्धाचा गौरव करण्यासाठी नसावे. ‘लिस्कम बे’ बुडवणारी जपानी पाणबुडीही फेब्रुवारी १९४४ मध्ये तिच्यावरील सर्वांसह समुद्रात गेली. त्यांनाही आया होत्या. मैत्री आणि करुणा यांना सरहद्द नसते, म्हणून पुण्यानुमोदन करताना त्यांनाही वगळू नये. पण करुणा म्हणजे अन्यायाविषयी मौन नव्हे. माणूस मरताना सगळ्यांसारखाच मरतो, मग जगताना त्याला खालची जागा कोणी दिली, हे विचारणे धम्माला धरूनच आहे.

अमेरिकेच्या सैन्यदलांतील वंशभेद संपवण्याचा आदेश १९४८ साली निघाला. जानेवारी २०२० मध्ये नव्या विमानवाहू युद्धनौकेला डोरिस मिलर यांचे नाव देण्याचे जाहीर झाले. ज्यांचे नाव छापले गेले नव्हते, त्यांचे नाव आता जहाजावर येणार आहे. हे आपोआप घडलेले नाही. लोकांनी ते नाव ऐंशी वर्षे विसरू दिले नाही.

आपल्या वस्तीत, गावात सैन्यात वा नौदलात गेलेले, परत न आलेले कोणी असतील. त्यांच्या घरी जा. नाव, हुद्दा, वर्ष, त्यांना दिलेले काम, सगळे लिहून घ्या. एखादा फोटो असेल तर जपा. विहारात एका पौर्णिमेला ती नावे वाचा. सरकारी यादीत ती असतील किंवा नसतील, आपल्या यादीत असलीच पाहिजेत.

जय भीम. नमो बुद्धाय.