इंग्रजीतलं ‘जर-तर’ आणि ‘पेक्षा’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या वहिनी दुपारी आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानंच. मुलाच्या वर्गशिक्षिकेला त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी दिली होती, ‘इफ इट विल रेन टुमॉरो, ही विल नॉट कम.’ मुलगा घरी येऊन म्हणाला, “आई, यापुढे चिठ्ठी बाबांना लिहू दे.” वहिनींना ते फार लागलं. त्यांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली.

मी म्हटलं, “मराठीत आपण काय म्हणतो? ‘उद्या पाऊस पडला तर तो येणार नाही.’ पाऊस उद्याचा, पण क्रियापद ‘पडला’! म्हणजे ‘जर’च्या बाजूला भविष्यकाळ आपणही सहसा घालत नाही. इंग्रजीतही तसंच. फक्त आपल्या ‘पडला’च्या जागी त्यांचा साधा वर्तमानकाळ येतो, ‘इफ इट रेन्स’. ‘विल’ जातं ‘तर’च्या बाजूला.”

खरी फसगत होते न घडलेल्या गोष्टींत. ‘मला कळलं असतं, तर मी आले असते.’ मराठीत दोन्हीकडे ‘असतं-असते’, म्हणून मुलं इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितात. हवं असं, ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ ‘वुड’ एकदाच, तेही ‘तर’च्या बाजूला.

आता ‘पेक्षा’. आपल्या पनवेलजवळचा प्रबळगड कर्नाळ्यापेक्षा उंच आहे. मराठीत ‘उंच’ तसाच राहतो, सगळं काम ‘पेक्षा’ करतं. इंग्रजीत विशेषणही बदलतं, ‘हाय’चं ‘हायर दॅन’ होतं. लांबलचक विशेषणाआधी ‘मोअर’ येतं, जसं ‘मोअर ब्यूटिफुल’. पण ‘मोअर हायर’ म्हणजे आमटीत दोनदा मीठ! शिवाय ‘माझी साडी तुझ्यापेक्षा छान’ हे बोलण्यात खपतं. इंग्रजीत तुलना साडीची साडीशीच. ‘नाइसर दॅन यू’ नव्हे, ‘नाइसर दॅन यूवर्स’.

मैत्रिणींनो, पोळ्या लाटता लाटता रोज अशी तीन वाक्यं मोठ्यानं म्हणा. चुकली तर चुकली, ऐकायला फक्त पोळपाटच असतो.

वहिनींनी तेच केलं. महिन्याभरानं पुन्हा चिठ्ठीची वेळ आली, तेव्हा त्यांनीच लिहिली, ‘इफ द रेन स्टॉप्स, ही विल कम टुमॉरो.’ मुलानं ती दोनदा वाचली आणि काही न बोलता दप्तरात ठेवली.