ट्रॅक्टर तापतो, पण केव्हा तापतो?



ऊस विकास विभागाने बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या सोडून इंजिनावर लिहावे, हे काहींना नवल वाटेल. परंतु तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही दर हंगामात सांगतो, आणि तो पुष्कळदा अडकतो तापलेल्या ट्रॅक्टरमागे. उन्हात वाळून वजन घटते ते सभासदाचे, उतारा घटतो तो सर्वांचा.

गेल्या हंगामात, मार्चच्या उन्हात, एका सभासदाचा जुना ट्रॅक्टर मोहोळकडून दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन येताना चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडे उभा राहिला. आम्ही पोचलो तेव्हा ड्रायव्हर ओल्या पोत्याने रेडिएटरचे टोपण फिरवण्याच्या बेतात होता. त्याला आधी थांबवले. आतले पाणी दाबाखाली असते. टोपण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, हेड तडकते. अर्धा-पाऊण तास सावलीत बसावे हे बरे.

पुढची चूक आमचीच. पंख्याचा पट्टा ढिला दिसला, तो ताणला, पाणी भरले आणि "चला" म्हणालो. वसाहतीच्या फाट्यावर पोचेतो सुई पुन्हा लाल खुणेवर! तेथल्या एका मिस्त्रीने लांबूनच निकाल दिला, "इंजिन बांधावं लागंल." सभासदाचा चेहरा उतरला. उसाचे बिल अजून हाती यायचे होते.

मग आम्ही, आधीच विचारायला हवे होते ते विचारले, "दादा, हा तापतो कधी?"

"रिकामा असला की काय न्हाय बघा साहेब. वजनकाट्याच्या रांगेत तासभर चालू ठिवला तरी न्हाय. भरल्या ट्रॉल्या घिऊन वरच्या गिअरला निघाला की उकळतोय."

निम्मे निदान या उत्तरातच होते. उभ्या जागी तापणाऱ्या ट्रॅक्टरला बहुधा वारा कमी पडतो; तेथे पट्टा आणि पंखा पाहावा. ओझ्याखालीच तापणाऱ्याचा रेडिएटर उष्णता बाहेर टाकायला अपुरा पडत असतो. थंड इंजिन टोपण काढून चालू करताच पाण्यात एकसारखे बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलची पट्टी दुधाळ दिसत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि मिस्त्रीचे ऐकावे. येथे तसे काही नव्हते. थर्मोस्टॅट तर कोणीतरी पूर्वीच काढून टाकलेला. (हा उपाय फार चालतो, पण त्याने इंजिन सकाळी लवकर गरम होत नाही आणि डिझेल जास्त लागते. थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापवावा. साधारण ८० अंशांच्या सुमारास उघडला पाहिजे.)

रेडिएटरच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसेना. पाचटाचा भुगा आणि तेलकट धूळ यांचा लेप बसला होता. पंख्याच्या बाजूने बाहेर पाणी मारून ती धुतली. इंजिन थोडे चालवून बंद केले आणि जाळीवर हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खालचा एक कोपरा चक्क गार. नळ्या आतून बुजल्या होत्या.

कारण निघाले बोअरच्या पाण्यात. बंबाला बसतो तोच पांढरा थर. होज पाईप कित्येक दिवस गळत होता, म्हणून रोज दोन तांबे पाणी वाढवायचे. वाफ निघून जायची, क्षार आत राहायचे. रेडिएटर उतरवून टाकी उकलली, नळ्यांतून सळई फिरवली, पाईप नवा घातला. इंजिन बांधण्याच्या मानाने खर्च किरकोळ झाला. दोन्ही ट्रॉल्या तोवर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून नेल्या होत्या. वजन व्हायला रात्र झाली.

आता त्या ट्रॅक्टरात शुद्ध पाणी आणि कूलंट असते, आणि पेटीत पाच लिटरचा कॅन. जाळी मात्र हंगामात आठवड्याला धुवावीच लागते. पाचट काही थांबत नाही.

— ऊस विकास अधिकारी