एका छापेत न मावणारा नट : दिलीप प्रभावळकर

व्यापारात छापेला मोल असते. तेलाच्या डब्यावरचे, मसाल्याच्या पुडीवरचे किंवा कापडाच्या ताग्यावरचे एक चिन्ह लोकांच्या ओळखीचे व्हावे म्हणून पुष्कळ वर्षे खर्ची पडतात. एकदा ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसले की ते बदलण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. अभिनयाच्या व्यवसायातही बहुधा हाच हिशेब चालतो. एखादी भूमिका गाजली की निर्माते तिच्यासारखीच दुसरी मागतात, प्रेक्षक तिसरी मागतात आणि पाहता पाहता नटाचा चेहरा हाच त्याचा शिक्का बनून जातो. त्यात पैसा असतो, स्थैर्य असते. म्हणून त्याला नावे ठेवण्याचेही कारण नाही.

परंतु मराठी रंगभूमी, दूरदर्शन आणि चित्रपट या तिन्ही क्षेत्रांत पाच दशकांहून अधिक काळ वावरूनही ज्यांची एकच एक छाप सांगता येत नाही, असे एक कलावंत आपल्यामध्ये आहेत. आजोबांना ते चिमणराव म्हणून ठाऊक आहेत, वडिलांना चौकट राजा म्हणून, नातवंडांना तात्या विंचूच्या आवाजातून आणि मराठी न जाणणाऱ्या लाखो प्रेक्षकांना गांधीजी म्हणून. या सर्वांमागे दिलीप प्रभावळकर हे एकच नाव आहे, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानी येते. ही कारकीर्द कशी घडली आणि तिची किंमत काय, हे पाहण्याजोगे आहे.

विज्ञानाची पदवी, नाटकाची ओढ

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे शिक्षण विज्ञान शाखेचे. जीवभौतिकी या विषयात त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली आणि पुढे औषधनिर्मितीच्या क्षेत्रात नोकरी पत्करली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम, असा त्या काळच्या अनेक मराठी नटांचा दिनक्रम होता. नाटकाच्या मानधनावर संसार चालत नसे आणि घरच्यांनाही पहिल्या तारखेचा पगार हीच खात्रीची गोष्ट वाटे.

या दुहेरी आयुष्याचे ओझे मोठे असले, तरी त्यातून एक लाभही झाला. चूल नोकरीवर पेटत असल्याने मिळेल ती भूमिका स्वीकारण्याची सक्ती उरली नाही. भांडवल सुरक्षित असलेला व्यापारी जसा नव्या मालाचा धोका पत्करू शकतो, तसा हा तरुण नट वेगळ्या भूमिकांचा धोका पत्करू शकला. रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्य चळवळीत त्यांनी ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण रंगविली. पुरुषाने चेटकीण व्हायचे, तीही मुलांना भीती आणि हसू एकाच वेळी वाटेल अशी! लहान मूल हा फार कठोर प्रेक्षक असतो. त्याला नटाच्या नावाशी कर्तव्य नसते. समोरची चेटकीण खरी वाटली नाही, तर ते सरळ चुळबुळ करू लागते. त्या प्रेक्षकासमोर मिळालेली ही शिदोरी प्रभावळकरांना पुढे आयुष्यभर पुरली, असे त्यांच्या भूमिका पाहताना वाटते.

घराघरांतले चिमणराव

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी एका आळीत एखाद-दुसराच दूरदर्शन संच असे आणि ज्याच्याकडे तो असे, त्याच्या दिवाणखान्यात संध्याकाळी सतरंजी अंथरावी लागे. अशा दिवसांत, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, चिं. वि. जोशी यांचे चिमणराव पडद्यावर अवतरले. जोशी हे बडोद्यात पालीचे अध्यापन करणारे विद्वान. परंतु महाराष्ट्राने त्यांना हृदयात जपले ते चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीमुळे. बाळ कर्वे यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ आणि प्रभावळकरांचा भिडस्त, सदा अडचणीत सापडणारा चिमणराव यांना पाहून त्या पिढीने पोटभर हसून घेतले.

पहिल्याच मोठ्या यशात त्यांना एक तयार छाप हाती आली. साधाभोळा, किरकोळ अंगाचा, घोटाळ्यात पडणारा मध्यमवर्गीय गृहस्थ हे पात्र पुढची वीस वर्षे विकता आले असते. मात्र त्यांच्या नंतरच्या भूमिकांची यादी पाहावी, तर ती या छापेपासून दूर दूर जात राहिलेली दिसते.

बाप आणि मुलगा

जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात प्रभावळकरांनी मतिमंद मुलाच्या पित्याची भूमिका केली. मुलगा वयाने वाढतो, शरीराने वाढतो, बुद्धीने मात्र वाढत नाही. आईबाप थकत जातात आणि ‘आपल्यामागे याचे काय?’ हा एकच प्रश्न त्या घरात उरतो. आपल्यापैकी ज्यांच्या नात्यात असे एखादे घर असेल, त्यांना या प्रश्नाचे वजन वेगळे सांगावयास नको. सणसमारंभाला त्या मुलाला न्यावे की घरीच ठेवावे, इथपासून त्याच्या वाट्याच्या मिळकतीचे कोणी पाहावे, इथपर्यंत तो प्रश्न पोहोचतो.

त्यानंतर १९९१ मध्ये संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला आणि त्यात प्रभावळकर स्वतःच तसा मुलगा झाले. नंदू हा बालपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला तरुण. सुलभा देशपांडे त्याच्या आई, स्मिता तळवलकर त्याची बालमैत्रीण. चाळिशी उलटलेल्या नटाने बालकाचे मन घेऊन वावरायचे म्हणजे जराशा चुकीने टिंगल व्हायची किंवा नुसती कणव उरायची. प्रभावळकरांच्या नंदूच्या बाबतीत यातले काहीच घडले नाही. त्याच्या हट्टाला कारण होते, रागाला कारण होते आणि आनंदाला तर कारण लागतच नव्हते. अशा मुलांना वेडा म्हणून हाक मारण्याची रीत तेव्हा सर्रास होती. नंदूकडे पाहताना त्या शब्दाची लाज वाटू लागे, हे या भूमिकेचे खरे श्रेय. जो नट आधी त्या मुलाचा बाप झाला आणि मग तो मुलगा झाला, त्याने त्या दुःखाच्या दोन्ही बाजू आतून पाहिल्या होत्या.

भीती, हसू आणि सहा माणसे

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये याच नटाने तात्या विंचू साकारला. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो, ही कल्पना. बाहुला रामदास पाध्ये यांचा आणि त्यात जीव ओतणारा आवाज प्रभावळकरांचा. नंदूसाठी डोळे पुसणारी बालगोपाळ मंडळी तात्या विंचूच्या भीतीने पांघरुणात शिरू लागली.

त्याच सुमारास रंगभूमीवर त्यांचे ‘हसवाफसवी’ गाजत होते. हे नाटक त्यांनी स्वतःच लिहिले आणि त्यातील सहा भूमिका एकट्याने केल्या. दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी यांचे. नाना पुंजे, दीप्ती लुमुंबा ही माणसे एकाच संध्याकाळी, एकाच देहातून प्रकट होत आणि अखेरीस येत ते वयोवृद्ध संगीतनट कृष्णराव हेरंबकर. वेष बदलणे हा त्यातला सोपा भाग. चाल, श्वास, आवाजाची पट्टी, हाताचा कंप आणि बोलण्यातला ठहराव हे सारे काही क्षणांत बदलायचे, हा कठीण भाग. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी याच भूमिका नव्याने रंगमंचावर आणल्या.

टिपऱ्यांचे घर

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना त्यांची सर्वांत जवळची वाटावी अशी भूमिका म्हणजे आबा टिपरे. वृत्तपत्रातील स्वतःच्याच सदरावरून सिद्ध झालेल्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका बेतलेली होती. केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली २००१ पासून ती अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे, एवढेच ते घर. त्यात कटकारस्थाने नव्हती, दागिन्यांनी मढलेल्या सासवा नव्हत्या. नातवाचे उद्योग, नातीची स्वप्ने, सुनेची धांदल आणि हे सारे शांतपणे पाहणारे आबा, एवढ्यावर ती मालिका उभी राहिली.

आबा उपदेश फार करीत नसत, ऐकून घेत. घरातील वडीलधाऱ्याचा मान त्याच्या आवाजाच्या उंचीवर अवलंबून नसतो, हे त्यांनी न सांगता दाखविले. पेढीची सूत्रे मुलांच्या हाती सोपविल्यानंतर घरात कसे वागावे, हा प्रश्न आपल्या अनेक ज्येष्ठांना पडतो. आबांच्या वागण्यात त्याचे एक प्रसन्न उत्तर सापडते. ही भूमिका केली, तेव्हा प्रभावळकर साठीच्या उंबरठ्यावर होते आणि आबांचे वय त्यांच्याहून पुष्कळच अधिक होते, हे सांगितल्याविना कळत नाही.

गुंड आणि महात्मा

२००२ मध्ये ‘एन्काउंटर : द किलिंग’ या हिंदी चित्रपटात त्यांनी पुनप्पा अवधूत हा गुन्हेगार रंगविला. त्यानंतर चारच वर्षांनी, २००६ मध्ये, राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते महात्मा गांधी झाले. बेन किंग्जले, रजित कपूर अशा समर्थ नटांचे गांधीजी प्रेक्षकांनी आधी पाहिले होते. परंतु ते इतिहासातले गांधीजी होते. येथे गांधीजींना आजच्या मुंबईत, एका दादाच्या शेजारी बसून त्याच्याशी गप्पा मारायच्या होत्या. पुतळ्याचे दडपण आणि नकलेचा मोह, दोन्ही टाळून प्रभावळकरांनी मंद हसणारे, धीराने बोलणारे गांधीजी उभे केले. हा चित्रपट आणि ‘शेवरी’ यांतील अभिनयासाठी त्यांना २००६ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

आपल्या वाचकांना येथे एक धागा आठवेल. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेले तरुण बॅरिस्टर गांधी मुंबईत श्रीमद् राजचंद्र यांना भेटले. हिरेमाणकांचा लाखोंचा व्यवहार करीत असतानाही आत्मचिंतनात मग्न असणाऱ्या त्या जैन जवाहिऱ्याचा ठसा गांधीजींनी आत्मचरित्रात आदराने नोंदविला आहे. अहिंसेचा तो विचार शंभराहून अधिक वर्षांनी, भिंतीवर थुंकणाऱ्या शेजाऱ्याला हसतमुखाने जिंकण्याच्या साध्या प्रसंगातून, पडद्यावर तरुणांपर्यंत पोहोचला. प्रवचनाने जे कान उघडत नाहीत, ते कधी कधी नाटक-सिनेमाने उघडतात.

वहीतील जमा

प्रभावळकर लेखकही आहेत. मुलांसाठी लिहिलेल्या ‘बोक्या सातबंडे’ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०१३ च्या ‘नारबाची वाडी’त ते आपल्या वाडीला जिवापाड जपणारे कोकणी म्हातारे झाले आणि २०२५ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ‘दशावतार’ या चित्रपटात बाबुली मेस्त्री या लोककलावंताची मध्यवर्ती भूमिका त्यांनी पेलली. ज्या वयात घरची मंडळी जिना चढू देत नाहीत, त्या वयातील हा उत्साह आहे.

एकाच छापेवर विसंबलेला नट लवकर श्रीमंत होऊ शकतो; मात्र ती छाप जुनी झाली की त्याचे दुकानही ओस पडते. दर वेळी कोऱ्या पाटीने आरंभ करणाऱ्याला कष्ट अधिक पडतात, ओळख उशिरा मिळते आणि रस्त्यात लोक नावाने न ओळखता भूमिकेच्या नावाने हाक मारतात. पण त्याचा व्यवसाय तीन पिढ्यांना पुरतो. आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी कलेची वाट धरू इच्छीत असेल, तर या चरित्रातील दोन नोंदी त्यांच्यापुढे ठेवाव्यात. पोटापाण्याची सोय करण्यात कमीपणा नाही आणि मिळालेल्या यशाला बांधून घेण्यात शहाणपण नाही. बाकी हिशेब ती मुले आपणहून मांडतील.