तळ्यातील माशाचे खाद्य व त्याच्या अंगातील चरबी

शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ सोडणारा शेतकरी मासा वजनाने वाढला की समाधान मानतो. परंतु हे वजन मांसाचे आहे की पोटातील चरबीचे, याचा विचार फारसा होत नाही. मासा साफ करताना पोटातील चरबी काढून टाकली जाते. तिच्यासाठी खर्ची पडलेल्या पेंडीचा व कोंड्याचा पैसाही तिच्याबरोबरच जातो.

या विषयाचे शिक्षण व संशोधन मुंबईच्या उपनगरातच, अंधेरीजवळ वर्सोवा येथे चालते. तेथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ साली स्थापन झाली व १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मत्स्यपोषण हा तेथील एक प्रमुख विषय होय.

दोन आवश्यक स्निग्धाम्ले

तेल व चरबी ही स्निग्धाम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी लिनोलेइक व लिनोलेनिक ही दोन आम्ले माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. ती खाद्यातूनच मिळावी लागतात. कार्प जातीच्या माशांना प्रत्येकी सुमारे १ टक्का एवढे त्यांचे प्रमाण खाद्यात पुरेसे होते. ती कमी पडल्यास वाढ खुंटते.

गोड्या पाण्यातील माशाचा एक विशेष गुण आहे. लिनोलेनिक आम्लापासून माणसाच्या हृदयास व मेंदूस उपयुक्त अशी लांब साखळीची स्निग्धाम्ले तो आपल्या यकृतात काही प्रमाणात तयार करू शकतो. बांगडा, तारली यांसारख्या समुद्रातील माशांना ती मुख्यतः आपल्या भक्ष्यातूनच मिळतात. मात्र दोन्ही आम्लांवर तीच विकरे काम करीत असल्याने एकाचा अतिरेक झाला की दुसऱ्याचे रूपांतर मागे पडते.

पेंड व कोंडा यांतील उणीव

भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग देण्याची रीत जुनी व सोयीची आहे. परंतु या दोहोंच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर, तर लिनोलेनिक अत्यल्प असते. ही उणीव तळ्यातील शेवाळ व सूक्ष्म प्लवंग भरून काढतात. म्हणून शेणखत व चुना यांचा योग्य वापर करून पाणी हिरवट राखणे हा पोषणाचाच भाग समजावा. दाट संख्येने मासे सोडल्यास मात्र नैसर्गिक अन्न अपुरे पडते. अशा वेळी खाद्यात थोडा जवस किंवा जवसाची पेंड मिसळणे हितकारक असते, कारण जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते.

कोंड्यासारखे पिष्टमय खाद्य गरजेपेक्षा अधिक दिल्यास यकृत त्यापासून चरबी तयार करते व ती पोटात साचते. प्रथिने कमी पडली तर ही प्रवृत्ती अधिकच वाढते.

खवट खाद्याचा धोका

ताज्या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते व ते लवकर खवट होते. खवट तेलातील द्रव्ये माशाच्या यकृतास अपाय करतात व ‘ई’ जीवनसत्त्वाचा नाश करतात. दमट पेंडीत बुरशीचे विषही उत्पन्न होते.

ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. खाद्यात २५ ते ३० टक्के प्रथिने व ६ ते ८ टक्के स्निग्ध पदार्थ असावेत.
२. कोंडा व पेंड थोड्या दिवसांपुरतीच आणावी आणि कोरड्या, हवेशीर जागी फळ्यांवर ठेवावी.
३. वास बदललेले किंवा बुरशी आलेले खाद्य तळ्यात टाकू नये.
४. दर महिन्यास जाळे ओढून काही मासे तोलावेत, त्यांपैकी एखादा चिरून पोटातील चरबी पाहावी व ती जास्त असल्यास कोंड्याचे प्रमाण कमी करावे.

माशाने जे खाल्ले, तेच अखेरीस त्याच्या अंगातील चरबीत उतरते. घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीच्या बाजारात रोहू विकत घेणाऱ्या कुटुंबाच्या ताटात कोणते अन्न पडावे, हे बऱ्याच अंशी तळ्याच्या काठावर खाद्य कालवणाऱ्या हातांवर अवलंबून असते.