आलेखाचे दोन अक्ष

कोणत्याही संस्थेचा अहवाल उघडला की त्यात एखादा आलेख असतोच. बहुतेक सभासद त्यावरील चढउतार पाहून पान उलटतात. आमची विनंती अशी की, प्रथम त्याचे दोन अक्ष वाचावेत.

डावीकडून उजवीकडे जाणारी आडवी रेषा म्हणजे क्ष-अक्ष आणि खालून वर जाणारी उभी रेषा म्हणजे य-अक्ष. त्या जेथे मिळतात तो आरंभबिंदू. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्यांनी १६३७ साली बीजगणित व भूमिती ह्यांची सांगड घातली. १७८६ साली विल्यम प्लेफेअर ह्यांनी व्यापाराचे आकडे रेषांनी दाखविले.

काळासारखे जे आपल्या क्रमाने पुढे सरकते ते आडव्या अक्षावर मांडावे. त्याबरोबर जे बदलते ते उभ्या अक्षावर. आपल्या देशाची साक्षरता घ्या. जनगणनेची वर्षे आडवी, शेकडा प्रमाण उभे. १९५१ वर सुमारे १८, तर २०११ वर सुमारे ७४. दहा वर्षांचे अंतर सर्वत्र सारखेच हवे. २०२१ साली जनगणना झाली नाही. म्हणून त्यानंतरच्या जनगणनेचा बिंदू त्या मानाने दूर मांडावा लागेल. नाहीतर वाढ आहे त्याहून वेगवान भासेल.

ह्या बाबतीत आमच्याच हातून एकदा चूक घडली. पालकसभेसाठी आम्ही २०११ च्या साक्षरतेचे दोन स्तंभ काढले : पुरुष ८२, स्त्रिया ६५. कागद वाचावा म्हणून उभा अक्ष ६० पासून सुरू केला. एक आजी म्हणाल्या, “मास्तर, बायका एवढ्याशाच शिकल्या होय?” आम्ही ओशाळलो. स्त्रियांचा स्तंभ पुरुषांच्या एक चतुर्थांशही उरला नव्हता. वास्तविक तो चार पंचमांशाच्या जवळपास हवा होता.

स्तंभाची लांबीच बोलते, म्हणून त्याचा आरंभ शून्यापासूनच हवा. रेघेच्या आलेखाला थोडी मोकळीक असते. तापाचा तक्ता कोणी शून्य अंशापासून काढीत नाही. मात्र आरंभ कोठून केला तो आकडा स्पष्ट लिहावा.

सतराचा तो फरक खराच आहे. तो फुगविला तर लोक निराश होतात, दडपला तर निश्चिंत होतात. मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी किती रक्कम ठेवावी हे सभेत ठरते, तेव्हा हात वर करण्यापूर्वी दोन्ही अक्षांवरचे आकडे अवश्य वाचावेत.