पडदे किती, कार्ड कोणते?

जयपूर शहरातून आग्ऱ्याच्या रस्त्याने पूर्वेकडे सुमारे पंधरा किलोमीटर गेले की कानोता लागते. गाव लहान, पण तेथील ठाकूर घराण्यातील अमरसिंह यांच्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. जयपूर संस्थानच्या सैन्यात अधिकारी असलेल्या या गृहस्थांनी १८९८ पासून १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ जाडजूड खंड आहेत आणि एकेका खंडाची पाने शेकड्यांनी मोजावी लागतात. सुझॅन आणि लॉइड रुडॉल्फ या अभ्यासक दांपत्याने मोहनसिंह कानोता यांच्या सहकार्याने तिचा आरंभीचा काही भाग संपादून २००० साली प्रसिद्ध केला. उरलेल्या पानांचा पसारा पाहिला म्हणजे असे काम हाती घेणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक वाटते.

अशा हस्तलिखिताचे आज संगणकावर पुनर्लेखन करावयाचे झाले, तर टेबलावर काय काय मांडावे लागेल? एका पडद्यावर मूळ पानाचे छायाचित्र हवे आणि दुसऱ्यावर टंकलिखित होत असलेली संहिता हवी. तिसऱ्यावर शब्दकोश, नावांची सूची किंवा आधीचा एखादा खंड उघडा असला तर उत्तमच. महाराष्ट्रात हीच गरज मोडी वाचणाऱ्यांना भासते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी ४५ खंडांत छापून काढले, पण न छापलेल्या कागदांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. मोडीची ओळ एका डोळ्याने पाहावी आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या डोळ्याने उमटवावे, असे हे काम. एकाच पडद्यावर खिडक्या पुढेमागे करीत ते करणारा मनुष्य दिवसाकाठी शेकडो वेळा आपली ओळ हरवून बसतो.

दोन-तीन पडदे घेण्याचा निर्णय म्हणूनच सहज होतो. अडचण पुढे येते. संगणकाच्या पेटीत असे कोणते ग्राफिक्स कार्ड बसवावे की हे सारे पडदे एकाच वेळी उजळतील? दुकानात हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा एकच मिळते, आणि ते म्हणजे सर्वांत ताकदवान कार्ड घ्या. हे उत्तर महागडे आहे. लेखन-वाचनाच्या कामासाठी तर ते बहुतेक वेळा चुकीचेही आहे.

याचे कारण कार्डाच्या कामातच आहे. कार्डाची कामे दोन. पहिले काम चित्र रचण्याचे. खेळातील धावता घोडा, इमारतीचा त्रिमित आराखडा, चित्रपटातील आभासी दृश्य यांसाठी प्रत्येक क्षणी लक्षावधी गणिते करावी लागतात, आणि महाग कार्डाची किंमत मुख्यतः या गणितशक्तीची असते. दुसरे काम तयार चित्र पडद्याकडे धाडण्याचे. आजचा सर्वसामान्य पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचा असतो. प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तर एका पडद्याचे संपूर्ण चित्र साठवायला सुमारे ८.३ मेगाबाइट जागा पुरते, आणि चार पडद्यांना सुमारे ३३. उघड्या खिडक्यांसाठी त्याच्या अनेक पट जागा धरली, तरी साध्यातल्या साध्या नव्या कार्डावर असणारी दोन-चार गिगाबाइट स्मृती या कामाला भरपूर होते. कागदाचे स्थिर छायाचित्र आणि त्याशेजारी सरकणारा मजकूर दाखविताना कार्डाला श्रम असे पडतच नाहीत.

तेव्हा अशा ग्राहकाने शक्तीऐवजी वाटा मोजाव्यात. कार्डातून बाहेर पडणाऱ्या, एकाच वेळी चालू राहणाऱ्या स्वतंत्र वाटा किती, हा खरा प्रश्न. येथे भल्याभल्यांची फसगत होते, कारण कार्डाच्या पाठीवरील तोंडे आणि या वाटा यांची संख्या सारखी असतेच असे नाही. जुन्या स्वस्त कार्डांवर व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय अशी तीन तोंडे असत, पण त्यांपैकी दोनच एका वेळी चालत. तिसरा पडदा जोडला की पहिल्या दोहोंपैकी एकाला विश्रांती. आजही पाच किंवा सहा तोंडांची काही कार्डे मिळतात, पण त्यांना चारच पडदे झेपतात. म्हणून तोंडे मोजून समाधान मानू नये. निर्मात्याच्या विवरणपत्रात कमाल किती पडदे चालतील याचा आकडा स्वतंत्रपणे दिलेला असतो, आणि खरेदीपूर्वी तो पाहावा.

वाटांच्या रुंदीचाही विचार हवा. वर सांगितलेला पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचा, तर त्याच्याकडे दर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट धाडावे लागतात. ज्याला बाजारात फोर-के म्हणतात, त्या ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या पडद्याला याच्या चौपट. एचडीएमआयच्या १.४ या २००९ सालच्या आवृत्तीत एवढा प्रवाह मावत नाही. तेथे हा मोठा पडदा सेकंदाला तीसच वेळा रंगतो आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. २०१३ ची २.० आवृत्ती किंवा डिस्प्लेपोर्टची १.२ आवृत्ती असली म्हणजे ही अडचण उरत नाही. डिस्प्लेपोर्टच्या या आवृत्तीत एका पडद्यातून दुसऱ्या पडद्याकडे साखळी नेण्याचीही सोय आहे, मात्र पडद्यांनाही ती असावी लागते, आणि साखळी केल्याने कार्डाची कमाल मर्यादा वाढत नाही.

केबलींच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. डिस्प्लेपोर्टच्या तोंडातून एचडीएमआयच्या पडद्याकडे नेणारी साधी केबल स्वस्तात मिळते, पण तीच उलट लावून कार्डाच्या एचडीएमआय तोंडातून डिस्प्लेपोर्टच्या पडद्याकडे चित्र नेता येत नाही. त्यासाठी वेगळे, स्वतःची वीज घेणारे रूपांतरक लागते. कितीतरी पडदे ‘बिघडले’ म्हणून दुकानात परत जातात ते या एका केबलीपायी.

पेटीत कार्ड बसविण्याची कल्पना मराठी माणसाला तशी नवी नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट नावाचे कार्ड पुढे आणले. त्याची मूळ बैठक कानपूरच्या आयआयटीतील संशोधनात होती. इंग्रजीखेरीज अक्षर न जाणणाऱ्या त्या काळच्या संगणकात हे कार्ड खोचले की पडद्यावर देवनागरी उमटे, आणि अनेक कचेऱ्यांत संगणकावरचे पहिले मराठी अक्षर अशा रीतीने दिसले. पुढे युनिकोड आले, अक्षरे संगणकाच्या मूळ आज्ञावलीतच सामावली गेली आणि त्या कार्डाचे काम संपले. अनेक पडद्यांची सोयही तशी जुनी. १९८१ च्या आयबीएम संगणकात मजकुराचे एक आणि रंगीत चित्रांचे एक अशी दोन कार्डे बसवून दोन पडदे चालविता येत, आणि १९९८ च्या विंडोजमध्ये तर नऊ पडद्यांपर्यंत तरतूद होती.

आता प्रत्यक्ष निवड. दोन पडदे हवे असतील तर बहुधा काहीच विकत घ्यावे लागत नाही. इंटेलच्या २०१२ नंतरच्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये तीन पडदे चालविण्याची क्षमता अंगभूत आहे, फक्त मदरबोर्डावर तितकी तोंडे हवीत. तीन किंवा चार पडद्यांसाठी कचेरीच्या कामाकरिताच बनविलेली लहान कार्डे मिळतात. एनव्हिडियाची टी ४०० आणि टी १००० ही २०२१ ची कार्डे उदाहरणादाखल घेता येतील. पहिल्याला तीन तोंडे, दुसऱ्याला चार. पहिले ३० वॅटवर चालते, दुसरे ५० वॅटवर, आणि दोन्ही अरुंद पेटीत मावतात. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन कार्डे एकाच पेटीत कोंबण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा, कारण दोन्हींच्या आज्ञावलींचे पटेलच अशी खात्री नसते. प्रोसेसरची अंगभूत तोंडे आणि कार्ड यांचा जोडीने उपयोग मात्र करता येतो. कार्ड बसताच पुष्कळ संगणक अंगभूत तोंडे आपोआप बंद करतात, ती बायॉसमध्ये जाऊन पुन्हा चालू करावी लागतात, एवढेच. यूएसबीतून पडदा जोडणारी उपकरणेही असतात. त्यांचा भार प्रोसेसरवर पडतो. मजकुराला ती चालतात, चलच्चित्राला तितकीशी नाहीत. ज्याला आराखडे किंवा चित्रफिती घडवायच्या आहेत त्याने शक्तिमान कार्ड खुशाल घ्यावे. त्याचा पैसा वाया जात नाही.

कानोत्यासारख्या ठिकाणी आणखी एक हिशेब असतो. उन्हाळ्यात तेथे पारा चाळिशी ओलांडतो आणि वाऱ्याबरोबर बारीक धूळ येते. मोठ्या कार्डाचे पंखे ती धूळ पेटीत ओढून घेतात, आणि साचलेल्या धुळीने कार्ड तापू लागते. वीज गेली तर यूपीएसवर काम आटोपायचे असते. चोवीस इंची एलईडी पडद्याला साधारण वीस ते तीस वॅट लागतात, तीन पडद्यांचे नव्वद धरू. त्यात तीस वॅटचे कार्ड मिळवले तर एकशेवीस. उलट खेळासाठी बनविलेले मोठे कार्ड जोराने काम करू लागले की एकटेच दोनशे-तीनशे वॅट खाऊ शकते. त्याच्यासाठी वीजपुरवठ्याची पेटीही मोठी घ्यावी लागते आणि यूपीएसही. त्याच पैशांत आणखी एक चांगला पडदा येतो. तो नव्वद अंशांनी वळवून उभा केला तर हस्तलिखिताच्या पानाला १०८० ऐवजी १९२० बिंदूंची उंची लाभते, आणि रोजनिशीचे अखंड पान, वरच्या तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न सरकविता समोर राहते. पडदा असा उभा करण्यासाठी कार्डाला वेगळे काही करावे लागत नाही. तो वळवता येईल असा स्टँड मात्र घेतानाच पाहून घ्यावा लागतो.